वस्तऱ्याखालचा शब्द

राजवाड्यात त्यांना सगळे मुकेकाका म्हणत. जिभेला काही झालेलं नव्हतं. घरी बायकोशी वाद घालताना ती चांगली चुरूचुरू चालायची. पण राजवाड्यात, 'गाल फुगवा, महाराज' एवढं सोडलं तर, त्यांनी तोवर उभ्या आयुष्यात एकच शब्द उच्चारला होता. तो शब्द म्हणजे 'ऐकलं'.

काका राजाची दाढी करत. त्यांच्या आधी त्यांचे वडील करत, आणि वडिलांच्या आधी आजोबा. त्या राजघराण्यात एक जुनी रीत होती. राजाने हुकूम द्यायचा तो दाढी करून घेताना, वस्तरा गळ्यावर असताना. ज्या कोणा पूर्वजाने ही रीत पाडली त्याचं म्हणणं असं की, गळ्यावर पातं असलेला माणूस फार बोलत नाही, रागाने मान झटकत नाही आणि उगाच खोटंही बोलत नाही. यातलं शेवटचं कितपत खरं मानायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीभोवती पातळ पांढरा पडदा आणि पडद्याबाहेर दरबारी मंडळी रांगेत बसलेली. आत राजा बोलायचा. तो बोलला की बाहेरून कारभारी विचारायचे, "ऐकलं?" काका वस्तरा न उचलता म्हणायचे, "ऐकलं." झाला हुकूम पक्का.

पडदा असा कितीसा जाड? राजाचं बोलणं बाहेरच्यांनाही ऐकू जायचं. पण त्यांचं ऐकणं हिशेबात नव्हतं. ऐकायचं फक्त काकांनी. वस्तरा खाली ठेवल्यावर राजा घसा फोडून ओरडला तरी ती नुसती बडबड. आणि एक हुकूम राजाने दोनदा सांगायचा नाही, हाही नियमच. दोनदा सांगावं लागलं तर मग राजा कसला!

त्या वर्षी राजाचा घसा बसला, तो पुन्हा उठलाच नाही. आवाज इतका खोल गेला की काकांनाही ओठांकडे पाहून अंदाज बांधावा लागे. तेव्हा राजाची मुलगी पुढे आली. एकोणीस वर्षांची पोर. तिला सगळे ताईसाहेब म्हणत. ती खुर्चीशेजारी स्टुलावर बसायची, वडिलांच्या तोंडाशी कान न्यायची आणि त्यांचं बोलणं मोठ्याने सांगायची. काका 'ऐकलं' म्हणायचे. रीत जरा वाकली होती, पण मोडली नव्हती. राजा खरंच बोलत होता आणि काका खरंच ऐकत होते.

मग एका सकाळी काका नेहमीसारखे पितळी वाटीत फेस करून आत गेले, राजाच्या गालाला ब्रश लावला, आणि त्यांचा हात थांबला.

जिवंत माणसाच्या गालावर फेस ऊब धरतो, कडेने वाळायला लागतो. हा फेस लावला तसाच राहिला. राजाच्या कमरेभोवती शाल गुंडाळून ती खुर्चीच्या पाठीला बांधलेली होती. खुर्चीखाली बर्फाच्या लाद्यांनी भरलेली दोन घंगाळं होती आणि खोलीत अत्तर इतकं शिंपडलं होतं की डोळे चुरचुरत होते. ताईसाहेब स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी काकांकडे पाहिलं आणि हात जोडले.

पडद्याच्या फटीतून कारभाऱ्यांचं डोकं आत आलं. हा गृहस्थ भल्याभल्यांची बिनपाण्याने करण्यात पटाईत. काकांपेक्षा त्याचाच हात साफ. तो अगदी हळू म्हणाला, "नेहमीसारखी करा. नेहमीसारखी."

काकांनी नेहमीसारखी केली. खिडकीतून ऊन येत होतं. बाहेरच्या मंडळींना पडद्यावर रोजचीच सावली दिसली असणार: राजा बसलेला, हात फिरतो आहे, वस्तरा पुसला जातो आहे. उजव्या गालापाशी आल्यावर काका सवयीने म्हणाले, "गाल फुगवा, महाराज." तो गाल आतून बोट घालून फुगवावा लागला.

का केलं त्यांनी हे? भीती तर होतीच. पाचावर धारण बसली होती म्हणा ना! पण खरं कारण त्या जोडलेल्या हातांत होतं. या पोरीचे केस काकांनी ती रांगत होती तेव्हापासून कापले होते. तिच्या तिन्ही भावांचेही.

तीन भाऊ होते, आता दोन. थोरला पहिल्या राणीचा. ताईसाहेब, मधला आणि धाकटा दुसरीचे. मधल्याला थोरला एकदा तळ्यावर पोहायला घेऊन गेला आणि एकटाच परत आला. पाय घसरला म्हणाला. मधल्याला तिरडीवर ठेवण्याआधी त्याचे ओले केस काकांनीच विंचरले होते, आणि मानेवर बोटांचे वळ पाहिले होते. वळ राजानेही पाहिले. त्यानंतर थोरल्याला सीमेवरच्या छावणीत धाडलं गेलं. पण गादीवरचा त्याचा हक्क काढून घेणं काही बापाच्याने झालं नाही.

म्हणजे राजा गेला हे जाहीर झालं की थोरला राजा. आणि धाकटा तेरा वर्षांचा. रात्री दिवा मालवू देत नाही असा.

कारभाऱ्यांनी ताईसाहेबांना हेच समजावलं होतं. "थोडे दिवस कळ काढा. महाराजांच्या तोंडून एकेक हुकूम निघू दे. छावणीतले अधिकारी बदलू, पहारे बदलू, मग शेवटी धाकट्यांना गादी. तुमच्या भावाचा जीव वाचवायचाय ना?" कारभाऱ्यांना धाकट्याच्या जिवाची किती पर्वा होती ते सांगायला नकोच. तेरा वर्षांचा राजा म्हणजे कारभाऱ्यांना आपल्याच अंगाचं माप घेऊन शिवलेलं राज्य. पण त्यांनी दाखवलेली भीती खोटी नव्हती.

मग रोज सकाळी हे सुरू झालं. ताईसाहेब त्या थंड तोंडाशी कान न्यायच्या, जरा थांबायच्या आणि मोठ्याने सांगायच्या, "महाराज म्हणतात, छावणीचा मुख्य बदला." बाहेरून विचारणा, "ऐकलं?" आणि काका, "ऐकलं."

घरात पहिली शंका बायकोला आली. दाढीचे टॉवेल तीच घरी धुवायची. दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचे नाहीत, असा दंडक होता. मोरीवर बसल्या बसल्या तिने टॉवेल उजेडात धरला.

"अहो, केसच नाहीत याच्यात."

"निघाले असतील धुताना."

"मी अजून पाण्यात घातलाच नाहीये. कालही नव्हते. परवा थोडेसे होते." ती त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्ही कुणाची दाढी करताय रोज?"

बायकोने टॉवेल बादलीत सोडला आणि हात दोनदा साबणाने धुतले. त्यानंतर तिने या विषयावर पुन्हा तोंड उघडलं नाही, पण काका घरी आले की ती आधी त्यांच्या हातावर कढत पाणी ओतायची आणि मगच त्यांना ताटावर बसू द्यायची.

सुरुवातीला थोडेसे केस निघत होते, ते का हे काकांना ठाऊक होतं. मेल्यावर कातडी आक्रसते, खुंट वर आल्यासारखे दिसतात. वडिलांनी शिकवलं होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि आदल्या दिवशी गुळगुळीत केलेल्या हनुवटीवर दुसऱ्या सकाळी बोट फिरवल्यावर ते खरखरीत लागणं वेगळं. राजा आपल्या परीने दाढी वाढवायचा प्रयत्न करतोय असं त्यांना वाटलं. मग तोही थांबला, तर काकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

आणि याहून वाईट पुढेच होतं. काकांना खरंच ऐकू यायला लागलं.

झालं असं. ताईसाहेब वाकल्या, थांबल्या, आणि त्या बोलायच्या आधीच काकांच्या कानात राजाचा तो बसलेला, घोगरा आवाज आला: "कोठाराच्या किल्ल्या कारभाऱ्यांकडे द्या." पाठोपाठ ताईसाहेबांनी तेच शब्द मोठ्याने म्हटले. काकांनी राजाच्या ओठांकडे पाहिलं. ओठ मिटलेले, कोपऱ्याशी फेसाचा ठिपका. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घोगरा आवाज आधी आणि पोरीचा मागून. काकांना ते कोणाला सांगायची सोय नव्हती. दाढी झाल्यावर तोंडासमोर आरसा धरायची पद्धत होती. राजा बघायचा आणि मान डोलवायचा. काका आरसा धरून उभे राहायचे आणि मान डोलल्याशिवाय त्यांचा हात खाली यायचा नाही. मेलेल्या राजाची मान डोलायची म्हणे. त्यांनी बायकोला नंतर तसं सांगितलं, तेव्हा तिने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"तुम्ही इतके दिवस खोटं ऐकलं म्हणालात ना," ती म्हणाली, "आता ते खरं व्हायला लागलंय. सोडा हे."

"सोडून जाऊ कुठे? बाहेर पडलो तर कारभारी केसाने गळा कापेल."

"आणि पोरगी?"

पोरगी वाळत चालली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि ती बापाच्या तोंडाशी वाकायची तेव्हा तिचे ओठ नुसतेच हलायचे. काका अगदी जवळ असल्यामुळे एकदा त्यांना शब्द कळले. ती माफी मागत होती.

मग तो दिवस आला. आदल्या संध्याकाळी कारभाऱ्यांनी ताईसाहेबांना उद्याचा हुकूम सांगून ठेवला होता, आणि सकाळी ताईसाहेबांनी तो काकांना कुजबुजत सांगितला. थोरला फितूर आहे, छावणीतच त्याचा शिरच्छेद करावा.

काका चामड्याच्या पट्ट्यावर वस्तऱ्याला धार लावत होते. हात चालू ठेवला.

"काका, तो आहेच तसा," ताईसाहेब म्हणाल्या. "मधल्याचं तुम्ही पाहिलंत. तो आला तर धाकटा राहणार नाही. मग यात चूक काय?"

काकांनी वस्तरा उलटवून दुसरी बाजू पट्ट्यावर घेतली.

"पण बाबांनी हे केलं नाही. वळ पाहिले तरी केलं नाही. आणि मी आता त्यांच्या तोंडून..." बाहेर दरबारी येऊन बसत होते. खाकरण्याचे, खुर्च्या सरकवण्याचे आवाज येत होते. ती म्हणाली, "काका, आज तुम्हीच 'नाही ऐकलं' म्हणा ना. एवढं करा. मग माझ्यावर येणार नाही."

आता इथे काका कसे वागले ते सांगायलाच हवं. ते म्हणाले, "ताईसाहेब, तुम्ही बोललात तर मी ऐकणार. तुम्ही नाही बोललात तर मी काय ऐकणार?" दिसायला केवढं शहाणपणाचं बोलणं! पण त्यांनी आपल्या मानेवरचं जोखड उचललं आणि एकोणीस वर्षांच्या पोरीच्या मानेवर ठेवलं, इतकंच ते होतं. तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. ती नजर काकांना पुढे कितीतरी दिवस जेवू देत नव्हती.

वस्तरा राजाच्या गळ्यावर टेकला. काकांना तो घोगरा आवाज येईल असं वाटलं. आला नाही. त्या दिवशी राजा काहीच बोलला नाही. खोलीत फक्त बर्फाचं पाणी ठिबकत होतं.

ताईसाहेब उठल्या, त्यांनी दोन्ही हातांनी पडदा ओढला आणि बाजूला केला. सगळा दरबार समोर. उजेडात शालीने बांधलेला राजा, निळसर गालांवर फेस.

"बाबा गेले," ती म्हणाली. "जाऊन बरेच दिवस झाले. हे सगळे हुकूम माझे होते."

कोणी किंचाळलं नाही, कोणी उठलं नाही. काकांनी एकेक चेहरा पाहिला. एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं. अत्तराचा वास काही पडद्यापाशी थांबत नव्हता! रोज सकाळी सगळे मिठाची गुळणी धरून मेलेल्या राजाची दाढी पाहायला येत होते.

कारभारी मात्र तयारीचा गडी. डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच त्यांनी जोडे चढवले, आणि थोरल्याला मानाने घेऊन यायला छावणीकडे पहिला घोडा सुटला तो त्यांचाच.

थोरला आला. बापाचे अंत्यसंस्कार त्याने रीतसर केले, लोकांसमोर रडला, सावत्र बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "लहान आहेस, तुला फसवलं." शिक्षा कोणालाच नाही. कारभारी पुन्हा कारभारीच. काकांनाही निरोप आला: गादीवर बसल्यावर पहिली दाढी तुम्हीच करायची, तीही जुन्या रीतीने. दरबारात बहीण-भावाला मानाच्या जागी बसवायचं.

त्या सकाळी काकांनी बायकोला सांगितलं, "तू आज भावाकडे जा."

"का?"

"जा म्हणतो ना."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "संध्याकाळी जेवायला तुम्ही असणार की नाही, तेवढं सांगा. त्या हिशेबाने कणीक भिजवते." ती भावाकडे गेलीच नाही.

नव्या राजाची कातडी उबदार होती. गळ्यातली नाडी बोटाला लागत होती. खरं तर काकांना बरं वाटायला हवं होतं. पण फेस लावताना त्यांचे हात इतके गार पडले की राजाच म्हणाला, "काका, बर्फात हात घालून आलात की काय?" आणि हसला. हसायला छान होता. लहानपणापासून. पडद्याबाहेर, पहिल्या रांगेत, ताईसाहेब धाकट्याचा हात धरून बसल्या होत्या. काकांना पातळ पडद्यातून त्यांच्या सावल्या दिसत होत्या, एक मोठी, एक लहान, एकमेकींना चिकटलेल्या.

एक गाल झाला. काकांनी हनुवटी वर केली आणि वस्तरा गळ्यावर आणला. राजाने डोळे मिटले आणि अगदी मायेच्या सुरात म्हणाला:

"धाकट्याला अजून पोहता येत नाही. उद्या सकाळी त्याला तळ्यावर न्या. मी शिकवीन."

पडद्याबाहेर मोठी सावली ताठ झाली. सगळ्या दरबाराने ते ऐकलं होतं. खाकरणारे खाकरायचे थांबले. पण त्यांचं ऐकणं हिशेबात नव्हतं, आणि त्यांच्या तोंडात ती जुनी गुळणी होतीच.

"ऐकलं?" कारभाऱ्यांनी विचारलं.

त्यांना मधल्याचे ओले केस आठवले, ताईसाहेबांची ती नजर आठवली. आयुष्यभर त्यांनी जे ऐकलं ते ऐकलं म्हटलं होतं, आणि मग जे ऐकलं नाही तेही ऐकलं म्हटलं होतं. जीभ आपसूक त्याच शब्दाकडे वळत होती. त्यांना स्वतःची इतकी किळस कधीच आली नव्हती.

"नाही," काका म्हणाले.

"काय?" कारभारी म्हणाले.

"महाराज काही बोलले नाहीत. मला काही ऐकू आलं नाही."

राजाने डोळे उघडले. त्याला बोलायचं होतं. काकांना त्याच्या गळ्याची गाठ पात्याखाली वर येताना जाणवली. त्यांनी पातं तिथेच ठेवलं, दाबलं नाही आणि उचललंही नाही. पुन्हा बोलला तर राजा दोनदा बोलला, असं होणार होतं. आणि बोलताना गाठ हलणार होती. ती आली तशी सावकाश खाली गेली. तो काकांकडे टक लावून पाहत राहिला, आणि काका, ज्यांनी जन्मात कधी राजाच्या डोळ्यांना डोळा भिडवला नव्हता, ते त्याच्याकडे.

"ताईसाहेब," काका पडद्याकडे न बघता मोठ्याने म्हणाले, "महाराजांचा हुकूम काही नाही. तुम्ही धाकट्यांना घेऊन आजोळी जायला मोकळ्या आहात. आत्ताच निघा. दाढी व्हायला वेळ आहे."

खुर्ची सरकली. चार पावलं घाईने दाराकडे गेली. पहारेकरी अडवायचं की नाही या विचारात कारभाऱ्यांकडे बघत राहिले असणार, आणि कारभारी पडद्याकडे. हुकूम नव्हता. पावलं जिन्यावरून खाली गेली, मग फरशीवर, मग अंगणातल्या खडीवर. गाडीचं दार लागलं. घोड्यांच्या टापा वेशीच्या दिशेने लांब लांब जात बारीक झाल्या आणि शेवटी ऐकू येईनाशा झाल्या, तोवर वस्तरा होता तिथून तसूभरही हलला नाही. दोघांपैकी कोणाचीही पापणी लवली नाही.

राजाच्या गालावरचा फेस एव्हाना कडेने वाळला होता. काकांनी ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला.

"गाल फुगवा, महाराज," ते म्हणाले. राजाने गाल फुगवला, आणि काकांनी उरलेली दाढी, कुठेही न कापता, पूर्ण केली.